पोहरा सोन्याचा, आड कोरडा

माझा मेहुणा नॉर्थ मेलबर्न या ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या, म्हणजे इथल्या 'फुटी'च्या, संघाचा भक्त आहे. समर्थक म्हणत नाही, कारण समर्थकाला अधूनमधून तरी काही मिळतं. २०२० ते २०२५ या सहा मोसमांत अठरा संघांच्या गुणतक्त्यात हा संघ अनुक्रमे सतरावा, अठरावा, अठरावा, सतरावा, सतरावा आणि सोळावा आला. २०१६ नंतर बाद फेरी नाही. तरी दर ऑक्टोबरात खेळाडूंच्या अदलाबदलीचे दिवस आले की मेहुण्याच्या अंगात येतं. "दाजी, ऐकलं का? अमक्याचा करार संपतोय. आपण बोलणी करतोय म्हणे. असा एक पक्का फॉरवर्ड आला ना पुढे, मग बघाच."

सांगलीहून येऊन इथे टार्नीटला घर घेतलेला माणूस मेलबर्नच्या एका संघाला 'आपण' म्हणतो, याचं मला कौतुकच आहे. पण त्याच्या म्हणण्याशी माझं जमत नाही. तळाला गेलेल्या संघाने नावाजलेला, तयार, महागडा फॉरवर्ड विकत घेऊ नये. निदान पहिली खरेदी म्हणून तर नाहीच. मेहुणा म्हणतो, गोल होत नाहीत म्हणून हरतो, मग गोल मारणारा आणा. वरवर पाहिलं तर यात खोट काढायला जागा नाही, आणि म्हणूनच क्लबचे संचालकही दर दोनचार वर्षांनी या हिशेबाला बळी पडतात.

फुटी ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी चार ओळी. मैदान क्रिकेटचंच, अंडाकृती. एका बाजूला अठरा खेळाडू. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांतून पायाने मारलेला चेंडू थेट गेला तर गोल, सहा गुण. कडेच्या बुटक्या खांबाच्या आतून गेला तर बिहाइंड, एक गुण. पायाने मारलेला आणि निदान पंधरा मीटर आलेला चेंडू कुणी हवेतच पकडला तर तो 'मार्क'. मग त्याला कुणी हात लावायचा नाही, त्याने निवांत नेम धरून मारायचं. त्यामुळे खांबांपुढे उभा राहणारा, सहा फूट चार-पाच इंचांचा, दोन जण अंगावर असतानाही चेंडू हातात घट्ट धरणारा गडी हा या खेळातला राजा. मोसमात सर्वाधिक गोल करणाऱ्याला कोलमन पदक. पोरांच्या पाठीवर नंबर त्याचाच, पोस्टर त्याचंच.

एकदा मेहुण्याबरोबर डॉकलंड्सच्या स्टेडियममध्ये गेलो असताना आमच्या जागा नेमक्या खांबांच्या मागे आल्या. तिथून सामना नीट दिसत नाही. चेंडू पलीकडच्या टोकाला असला की पाखरू उडाल्यासारखा ठिपका, बाकी अंदाज. मग मी एक केलं. एक पूर्ण क्वार्टर चेंडूकडे पाहिलंच नाही, फक्त नॉर्थच्या एका उंच फॉरवर्डकडे पाहत बसलो. तो पळायचा. खांबांपासून थेट चेंडूच्या दिशेने, हात पुढे, जीव खाऊन तीस-चाळीस मीटर. याला इथे 'लीड' म्हणतात: मधल्या फळीतल्या माणसाला सांगायचं की मी सुटलोय, आता माझ्या छातीवर दे. चेंडू यायचा नाही. तो थांबायचा, कमरेवर हात, मागच्या बचावपटूला खांद्याने रेटत परत जागेवर, दोन श्वास, आणि पुन्हा लीड. अकरा वेळा मोजलं मी. अकरांतून दोनदा चेंडू त्याच्या वाटेला आला. एकदा त्याच्या दहा पावलं मागे पडला. दुसऱ्यांदा उंच, तरंगत, इतका वेळ हवेत राहिला की खाली चौघांची गर्दी जमली आणि कुणीतरी मुठीने ठोसून तो बाहेर घालवला. क्वार्टर संपताना आमच्या पुढच्या रांगेतल्या आजीबाईंनी त्याला एक सणसणीत शिवी दिली आणि म्हणाल्या, याला बसवा आता.

त्या आजीबाईंच्या हिशेबाने त्या माणसाने काहीच केलं नव्हतं. आकडेवारीच्या तक्त्यातही शून्य मार्क, शून्य गोल असंच दिसलं असणार.

फुटीत चेंडू साधारण पन्नासएक वेळा एका संघाकडून प्रतिस्पर्ध्याच्या खांबांपुढे आखलेल्या पन्नास मीटरच्या कमानीत शिरतो. किती वेळा शिरला यापेक्षा कसा शिरला हे जास्त महत्त्वाचं. मधल्या फळीने चेंडू जिंकला आणि दोन पासमध्ये, धावत, पुढे दिला, तर समोरची बचावफळी अजून पसरलेली असते; फॉरवर्ड आणि त्याच्यावरचा एक माणूस, एवढाच सामना. तिथे चांगला फॉरवर्ड बाजी मारू शकतो. पण तळाच्या संघाचा चेंडू तसा येत नाही. तो आधी स्वतःच्याच बचावात अडकतो, मग कडेकडेने, अडखळत, मागे-पुढे करत येतो. तोवर समोरचे सगळे मागे जाऊन भिंत बांधून उभे. मग दबावाखाली कुणीतरी डोळे मिटून उंच टोलवतो. हवेत उडी मारून आडवा हात घालणारे बचावपटू हल्ली प्रत्येक चांगल्या संघाकडे दोन-दोन आहेत. त्यांची ती मेजवानीच. २०१९ पासून नियम आहे की मैदानाच्या मध्यावर चेंडू सुरू होताना दोन्ही कमानींत प्रत्येक संघाचे सहा-सहाच खेळाडू हवेत. त्या क्षणी फॉरवर्डला मोकळी जागा मिळते खरी. पण मध्यावरचा तो चेंडू आपल्या माणसाने जिंकायला हवा ना! आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मेहुण्याला मी त्याच्याच संघाचं उदाहरण देतो. बेन ब्राउन. उंच, कुरळ्या केसांचा, नेम धरण्याआधी अर्धं मैदान पळत येणारा हा माणूस नॉर्थचा मुख्य फॉरवर्ड होता. २०१७, २०१८ आणि २०१९ या तिन्ही मोसमांत त्याने साठहून अधिक गोल मारले. म्हणजे पक्का, सिद्ध, हवा तसा फॉरवर्ड घरात होता. संघ कुठे होता? पंधरावा, नववा, बारावा. २०२० मध्ये तो दुखापतीत अडकला, संघ सतराव्या क्रमांकावर गेला, आणि क्लबने त्याला जाऊ दिलं. तो गेला मेलबर्न क्लबकडे. तिथे मध्यात मॅक्स गॉन, क्लेटन ऑलिव्हर, क्रिश्चन पेट्राका होते. २०२१ मध्ये मेलबर्नने १९६४ नंतरचं पहिलं विजेतेपद जिंकलं आणि ब्राउनच्या गळ्यात पदक पडलं. त्याच वर्षी नॉर्थ शेवटचा. माणूस एकच, हात तेच, ती लांबलचक धावही तीच. बदलला तो चेंडू पुरवणारा.

यावर मेहुणा म्हणतो, जुनं काढू नका. बरं, नवं. २०२३ मध्ये नॉर्थच्या निक लार्कीने ७१ गोल केले आणि देशाच्या सर्वोत्तम संघात त्याची निवड झाली. त्या मोसमात नॉर्थने २३ पैकी किती सामने जिंकले? तीन. पहिले दोन, मग सलग वीस पराभव, आणि शेवटच्या फेरीत होबार्टला गोल्ड कोस्टविरुद्ध एक, ज्यात एकट्या लार्कीचे नऊ गोल. त्या विजयाची गंमत अशी की त्यामुळे तळाचा क्रमांक वेस्ट कोस्टला मिळाला आणि त्याबरोबर ड्राफ्टमधली, म्हणजे नव्या पोरांच्या वार्षिक वाटपातली, पहिली निवडही. हार्ली रीड नावाचा सगळ्यांच्या डोळ्यांत भरलेला पोरगा तिकडे गेला. फॉरवर्डने नऊ गोल मारून आपल्या क्लबचं नुकसान केलं, असं उदाहरण दुसऱ्या कुठल्या खेळात असेल तर मला सांगा.

आणि हे फक्त नॉर्थचं नाही. कार्लटनकडे २०२१, २०२२ आणि २०२३ अशी सलग तीन वर्षं कोलमन पदक आलं. पहिल्या वर्षी हॅरी मॅके, नंतर दोनदा चार्ली कर्नो. पहिल्या वर्षी संघ तेरावा. दुसऱ्या वर्षी नववा, बाद फेरीच्या उंबरठ्यावरून परत. तिसऱ्या वर्षी उपांत्य फेरीपर्यंत मजल गेली, ती मध्यातली मंडळी जुळल्यावर. आणि २०२५ च्या ऑक्टोबरात त्यांनी कर्नोला सिडनीला देऊन टाकलं, बदल्यात एक खेळाडू आणि पहिल्या फेरीतल्या निवडी घेतल्या. देशातले सर्वाधिक गोल मारणारे दोघे एकाच घरात असून कपाट रिकामंच राहिलं.

आता किमतीचं बोलू, कारण खरं घोडं इथे पेंड खातं. युरोपातल्या फुटबॉलसारखं इथे थैली रिकामी करून माणूस आणता येत नाही. प्रत्येक क्लबच्या एकूण पगारावर कमाल मर्यादा आहे. अदलाबदल बहुतेक वेळा माणसाच्या बदल्यात माणूस किंवा ड्राफ्टमधली निवड, अशी. आणि ड्राफ्टमध्ये जो सगळ्यांत खाली तो आधी निवडतो. म्हणजे हरणाऱ्या संघाकडे एकच खरी दौलत असते: येणाऱ्या पोरांतून आधी निवडण्याचा हक्क. तयार फॉरवर्ड मागायला गेलं की समोरचा नेमकी तीच मागतो. बी विकून फळं आणण्यातला प्रकार.

२००७ चं प्रकरण घ्या. कार्लटन तळाशी. वेस्ट कोस्टचा ख्रिस जड घरी मेलबर्नला परत यायला निघाला. जड मधल्या फळीतला, फॉरवर्ड नव्हे, आणि खेळाडू म्हणून अस्सल सोनं. कार्लटनकडून त्याने २०१० मध्ये सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक जिंकलं, संघाला बाद फेरीतही नेलं. पण त्याच्यासाठी कार्लटनने ड्राफ्टमधल्या दोन निवडी दिल्याच, वर जॉश केनेडी नावाचा वीस वर्षांचा एक उंच पोरगाही दिला. पर्थला जाऊन केनेडीने वेस्ट कोस्टसाठी सातशेहून जास्त गोल मारले, क्लबचा विक्रम केला, २०१५ आणि २०१६ ची कोलमन पदकं घेतली आणि २०१८ ला विजेतेपद. कार्लटनने त्याच सुमारास आपला ब्रेंडन फेवोलाही सोडला आणि पुढची कित्येक वर्षं ते फॉरवर्ड शोधत फिरले. घरचा हाकलून दारोदार हिंडण्याचा हा प्रकार आठवला की मेहुणासुद्धा हसतो, कारण कार्लटनची फजिती ही नॉर्थवाल्यांना सणासारखी.

फेवोलाचं पुढचंही ऐका. २००९ चं कोलमन पदक जिंकून तो ब्रिस्बेनला गेला. ब्रिस्बेन तेव्हा तळाला नव्हता, उलट सहावा आला होता. पण या खरेदीच्या गडबडीत त्यांचा स्वतःचा भरवशाचा फॉरवर्ड डॅनियल ब्रॅडशॉ, अदलाबदलीत आपलंही नाव टाकलं गेलं म्हणून दुखावला आणि सिडनीला निघून गेला. २०१० चे पहिले चार सामने ब्रिस्बेनने जिंकले. मोसम संपला तेव्हा संघ तेरावा होता, आणि पुढचा मोसम सुरू व्हायच्या आत फेवोलाला नारळ मिळाला होता. बाहेरून आलेल्या राजाचा घरातल्या माणसांवर काय परिणाम होतो, हे कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

ब्रिस्बेन बेअर्सने १९८८ मध्ये सिडनीचा वॉरिक कॅपर आणला होता. आखूड चड्डी, पिवळे केस, उंच उड्या आणि आदल्या मोसमात १०३ गोल. बेअर्स तेव्हा नवखा, ओढग्रस्तीचा क्लब. कॅपरमुळे बातम्या भरपूर आल्या, गोल फारसे आले नाहीत. १९९० मध्ये बेअर्स तळाला गेले, आणि कॅपर पुन्हा सिडनीला. मेलबर्न क्लबने २०११ च्या अखेरीस मिच क्लार्कला आणलं, वर्षभराने कॉलिंगवुडच्या विजेत्या संघातला ख्रिस डॉस आणला. २०१२ मध्ये चार विजय, २०१३ मध्ये दोन. क्लार्क दुखापतींनी आणि नैराश्याने इतका खचला की २०१४ मध्ये त्याने क्लब सोडला. यात त्याचा दोष मी शोधणार नाही. पण हरणाऱ्या संघात 'तारणहार' म्हणून येणाऱ्यावर काय ओझं पडतं, याचा विचार खरेदी करणाऱ्यांनी करायलाच हवा.

कबड्डी पाहणाऱ्या वाचकांना हे नवं वाटू नये. प्रो कबड्डीच्या दहाव्या मोसमात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाखांवर रक्कम ओतली. देशातला नंबर एकचा चढाईपटू. टायटन्स बारा संघांत बारावे. त्याच मोसमात आपली पुणेरी पलटण जिंकली. त्यांनीही लिलावात २ कोटी ३५ लाख मोजले होते, पण शादलूईवर, म्हणजे पकड करणाऱ्यावर. चढाईला घरची तरणी पोरं होती.

मेहुण्याची बाजू अगदीच लंगडी आहे असं मात्र नाही. त्याचे दोन मुद्दे मला मान्य करावे लागतात.

पहिला पैशाचा. पगाराला वरची मर्यादा आहे तशी खालचीही आहे: क्लबने ठरलेल्या रकमेच्या किमान ९५ टक्के खर्च करायलाच हवी. ज्या संघात निम्मी पोरं विशी-एकविशीतली, त्यांना एवढे पैसे द्यायचे कुणाला? मग तळाचे क्लब आहेत त्यांनाच फुगवून पगार देतात. "त्यापेक्षा एखाद्या कामाच्या माणसाला द्या की," हे म्हणणं खोटं नाही. पण मग फॉरवर्डच का? बचाव सांभाळणारा आणा, मध्यात चेंडू काढून देणारा आणा. पैसे पडून आहेत म्हणून नऊ वर्षांचा करार करायची गरज नसते. लान्स फ्रँकलिनसारख्या अलौकिक माणसाला सिडनीने २०१३ मध्ये नऊ वर्षं आणि सुमारे एक कोटी डॉलर दिले, तो तीन अंतिम सामने खेळला आणि तिन्ही हरला. सिडनी तर तेव्हा बलाढ्य संघ होता.

दुसरा मुद्दा पोरांचा. एकोणीस वर्षांच्या होतकरू फॉरवर्डला एकट्याला पुढे उभं केलं तर समोरचा सगळ्यांत दांडगा बचावपटू त्याच्यावर सोडला जातो. दोन वर्षांत पोरगा मनाने मोडतो. शेजारी एखादा जुना जाणता असला तर तो दांडगा त्याच्याकडे जातो आणि पोराला वाढायला सावली मिळते. हे खरं आहे. पण त्यासाठी कोलमन पदकवाला लागत नाही. हॉथॉर्नने २०२३ मध्ये सोळाव्या क्रमांकावर राहिल्यानंतर काय केलं? ब्रिस्बेनला गेलेला आपलाच जुना जॅक गन्स्टन परत आणला, गोल्ड कोस्टमध्ये मागे पडलेला माबिओर चोल घेतला. दोघेही स्वस्तात. २०२४ ची सुरुवात पाच पराभवांनी झाली आणि तोच संघ बाद फेरीत दुसऱ्या आठवड्यापर्यंत गेला. नॉर्थनेही २०२४ च्या अखेरीस वेस्ट कोस्टचा बत्तिशीतला जॅक डार्लिंग आणला, तो याच हिशेबाने. संघ सोळावाच राहिला, पण त्या खरेदीवर माझा राग नाही. त्यासाठी भविष्य गहाण पडलं नाही.

नॉर्थचा प्रशिक्षक आज अ‍ॅलिस्टर क्लार्कसन आहे, हे इथे आठवायला हवं. २००४ ला हॉथॉर्न सोळांत पंधरावा आला आणि क्लार्कसनला नेमलं गेलं. त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये हॉथॉर्नने दुसऱ्या निवडीला जॅरिड रफहेड, पाचव्या निवडीला फ्रँकलिन आणि सातव्या निवडीला जॉर्डन लुइस उचलले. दोन फॉरवर्ड, एक मधल्या फळीतला. चार वर्षं कळ काढली. २००८ ला फ्रँकलिनचे ११३ गोल आणि विजेतेपद. त्यानंतर एका मोसमात शंभर गोल कुणालाच जमलेले नाहीत. ज्याने एवढं पिकवून पाहिलं, त्याला 'बाजारातून आण' म्हणून सांगायला मेहुणा निघालाय.

बाजारातून आणायचं तर कोणत्या क्रमाने, हे ब्रिस्बेनकडून शिकावं; फेवोलाच्या वेळी पोळलेले तेच. २०१७ ला ते तळाला होते. प्रशिक्षक क्रिस फेगनने आधी हॉथॉर्नचा म्हातारा ल्यूक हॉज आणला, बचावातल्या पोरांना उभं कसं राहायचं ते शिकवायला. अ‍ॅडलेडहून चार्ली कॅमेरॉन. हा फॉरवर्ड खरा, पण बुटका, चपळ, जमिनीवरचा चेंडू स्वतः खणून काढणारा, कुणी वरून वाढायची वाट न पाहणारा. मग २०१८ च्या अखेरीस फ्रीमँटलचा लॅकी नील, मध्यातला. २०१९ मध्ये संघ थेट दुसरा. आणि उंच, महागडा जो डॅनिहर एसेंडनहून कधी आला? २०२० च्या अखेरीस, सगळं घर बांधून झाल्यावर. २०२४ चं विजेतेपद जिंकून तिशीतच तो निवृत्त झाला. २०२५ ला ब्रिस्बेन त्याच्याशिवाय पुन्हा जिंकला.

हे सगळं ऐकून घेतल्यावर मेहुणा आपला हुकमाचा एक्का टाकतो. "मग दाजी, प्लगरचं काय?"

प्लगर म्हणजे टोनी लॉकेट. बॅलरॅटचा, बैलाच्या ताकदीचा, सेंट किल्डाचा फुल-फॉरवर्ड. १९९२, १९९३ आणि १९९४ अशी तीन वर्षं सिडनी स्वान्स ओळीने तळाला होते. मधे एकदा सलग २६ सामने हरले. रग्बीच्या गावात फुटीचा क्लब जगेल की नाही, हाच प्रश्न होता. १९९५ ला लॉकेट आला. त्या मोसमात ११० गोल, पुढच्या मोसमात १२१. १९९६ मध्ये सिडनी गुणतक्त्यात पहिला. उपांत्य सामन्यात एसेंडनशी बरोबरी, शेवटचा भोंगा वाजलेला, चेंडू लॉकेटच्या हातात, खांब पन्नास मीटरहून लांब. त्याने हाणला, बिहाइंड. एक गुण. आणि त्या एका गुणाने सिडनी अंतिम सामन्यात. १९९९ मध्ये त्याने १३०० वा गोल मारून गॉर्डन कॉव्हेंट्रीचा सहा दशकांचा विक्रम मोडला, तेव्हा सिडनी क्रिकेट मैदानावर माणसांचा पूर लोटला. ती दृश्यं मी कितीदा पाहिली असतील. एका फॉरवर्डने एक क्लब वाचवला, हे कुणी नाकारू नये.

पण पहिलं वर्ष नीट पाहा. १९९५, लॉकेटचे ११० गोल, आणि सिडनी? बारावा. आठ विजय, चौदा पराभव. त्या वर्षी लॉकेटने गर्दी आणली. विजय वर्षभराने आले, नवा प्रशिक्षक रॉडनी ईड आल्यावर. मध्यात १९९५ चा ब्राउनलो विजेता पॉल केली होता, लॉकेटच्याच वर्षी फिट्झरॉयहून आलेला पॉल रूस होता, तरणी पोरं तयार होत होती. कॅपर बेअर्सकडे गेला तेव्हा त्याच्या मागे कोण होतं? आणि सिडनीला तेव्हा जिंकण्याआधी जगायचं होतं. रिकाम्या खुर्च्या भरायला नाव लागतं, ते लॉकेटचं होतं. नॉर्थचा क्लब लहान असला, तरी त्याचं गाव फुटीचंच आहे. सहा वर्षं तळाला राहूनही माझ्या मेहुण्यासारखे लोक दर वर्षी सभासदत्वाचे पैसे भरतातच.

मेहुणा गप्प बसत नाही. "पण अंतिम सामन्यात तर नेलं ना त्याने?"

नेलं. सप्टेंबर १९९६, मेलबर्न क्रिकेट मैदान. अंतिम सामन्यातही लॉकेटने सहा गोल मारले आणि सिडनी ४३ गुणांनी हरला. जिंकला नॉर्थ मेलबर्न. त्यांचा कप्तान होता वेन कॅरी, अनेकांच्या मते या खेळातला सर्वांत मोठा फॉरवर्ड. हा कॅरी मूळचा वाग्गा वाग्गाचा, म्हणजे त्या काळच्या नियमांनुसार सिडनीच्या हक्काच्या इलाख्यातला पोरगा. मिसरूड फुटायच्या वयात सिडनीने त्याला थोडक्या पैशांत नॉर्थला देऊन टाकलं होतं.

हे सांगितलं तेव्हा मेहुणा फोनवर बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "दाजी, ते ठीक आहे. पण या ऑक्टोबरात..."